एक जूनचा सेकंड बेसमन

१

एका वीस वर्षांच्या मुलाची दोन वर्षं आमच्या ऑफिसातून चोरीला गेली आणि चोर शोधायचं काम माझ्याकडे आलं. हे मी फुशारकीने सांगत नाही. या प्रकरणात माझ्या हातून फुशारकी मारण्यासारखं काही घडलेलं नाही, आणि हे लिहितानासुद्धा माझे कान गरम होताहेत.

सिंगापुरात पाया लेबारला एमआरटी, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनसमोरच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर आमचं अकरा माणसांचं ऑफिस आहे. एखाद्या तरुण बेसबॉल खेळाडूशी लांब पल्ल्याचा करार करण्याआधी अमेरिकेतले क्लब आमच्याकडून अंदाज मागवतात. हा पोरगा पुढची आठ वर्षं कसा खेळेल, संघाला किती जास्तीचे सामने जिंकून देईल, ते आम्ही कळवतो. क्रिकेटवर पोसलेली आम्ही मंडळी लोकांच्या बेसबॉलचं भविष्य सांगतो, याची मला पूर्वी भारी गंमत वाटायची.

मुलाचं नाव एलियास मोन्तेरो, राहणार पनामा. सेकंड बेसमन, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधे उभा राहून जमिनीलगतचे चेंडू टिपणारा. आमच्या अहवालात त्याचं वय बावीस पडलं होतं आणि आठ वर्षांत सतरा विजय असा अंदाज होता. क्लबने करार गुंडाळून ठेवला. मुलाने मग दुसरीकडे जे मिळेल ते पत्करलं, तेही एका वर्षासाठी. आणि ऑगस्टमधे त्याच्या एजंटचं पत्र आलं. सोबत दवाखान्याचा दाखला होता, जुळ्या बहिणीचाही दाखला होता. जन्म १ जून २००५. मुलगा वीस वर्षांचा होता. वीस धरून गणित पुन्हा केलं तर उत्तर येत होतं एकतीस.

आमच्या मूळ नोंदीतही २००५ च होतं. गुरुवारी, ३ जुलैला, दुपारी पाऊण ते एकच्या दरम्यान कुणीतरी त्याचं २००३ केलं होतं. लॉगिन होतं आमच्याच ऑफिसातल्या सुगत वानखेडेचं.

आमचे साहेब मिस्टर कोह आवाज कधीच चढवत नाहीत. त्यांनी मला खोलीत बोलावून शांतपणे सांगितलं, की सोमवारी पाचपर्यंत नाव हवं, दुसरं नाव सापडलं नाही तर सुगतचं. सुगतचा ईपी, म्हणजे इथला कामाचा परवाना, महिनाअखेरीला रिन्यू व्हायचा होता. त्यासाठीच्या शिफारशीवर वरिष्ठ म्हणून माझी सही लागणार होती. ती पडली नाही, तर अठ्ठावीस वर्षांच्या त्या मुलाने आपल्या आईला घेऊन नागपूरला परतायचं, इतका साधा हिशेब होता.

मी म्हटलं, "काळजी करू नका, माझ्या नजरेतून काही सुटत नाही." बारा वर्षं मी त्या ऑफिसात लोकांच्या चुका काढत आले आहे. बाकीचे पडद्यावर तपासतात, मी अजून छापील कागद घेऊन पेन्सिलीने तपासते. माझी पेन्सिल लागली म्हणजे चूक उरली नाही, असं ऑफिसात म्हणायचे. निदान माझ्यासमोर तरी म्हणायचे.

२

पहिल्यांदा मी सुगतला बोलावलं. लॉगिन त्याचं होतं, तेव्हा यात वावगं काही नव्हतं. पण त्याला मी पावणेदोन तास बसवलं आणि नंतर त्या अहवालावर काम केलेल्या बाकीच्या दोघांना वीस-वीस मिनिटं, हे वावगं होतं. आपण का एवढा वेळ घेतोय, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

तो समोर ताठ बसला होता. पाऊण ते एक कुठे होतास? आईला पॉलिक्लिनिकमधे नेलं होतं. त्याने पावती काढून टेबलावर ठेवली, वेळेसकट. मग तुझ्या मशीनवर कोण होतं? त्याने पावतीची घडी सरळ केली. लॉगिन उघडं टाकून गेलास? हो, घाई होती. म्हणजे आपल्याकडे नोकरी जाण्याएवढा गुन्हा आहे हा, ठाऊक आहे ना? ठाऊक आहे.

"अरे, मग कुणाला पाठीशी घालतोयस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला उर्मट वाटली. मी डायरीत तसंच लिहिलंही: 'उर्मट. काहीतरी लपवतोय.'

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्हीच सांगा मी काय बोलायचं ते."

मला राग आला. वाटलं, पोरगा खेळवतोय मला. पावती दाखवतो, पण नाव सांगत नाही. मशीन उघडं ठेवून कुणाला तरी बसवलं असणार आणि आता साळसूदपणाचा आव आणतोय. मी त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून तितकंच सांगितलं.

३

दुसरे मनोहरराव शेवडे. वयानुसार खेळ कसा उतरत जातो, त्याचं गणित त्यांचं. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, मूळचा सांगोल्याकडचा. त्यांचा वाढदिवस आम्ही दर एक जूनला केक कापून करतो आणि दरवर्षी हसतो, कारण त्यांचा खरा जन्म दिवाळीतला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून ठोकून दिला. त्या पिढीत महाराष्ट्रातली निम्मी शाळा एकाच दिवशी जन्मलेली असायची, हे तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा माझा संशय त्यांच्यावर सरळच होता. एक जून पाहून हसणारा, तारीख खोटीच असणार असं धरणारा माणूस ऑफिसात दुसरा कोण होता? शिवाय त्यांचं सेकंड बेसमनबद्दलचं मत सगळ्यांना पाठ होतं. त्यांनी मला ते पुन्हा ऐकवलं. सेकंड बेसवर सहसा तोच येतो ज्याचा हात शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या जागेच्या, लांब फेकीला पुरत नाही. चेंडू घेऊन वळताना समोरून धावणारा पायात घुसतो. गुडघे लवकर जातात, तिशीनंतर उतार. म्हणून या जागेच्या माणसाचं वय म्हणजे सगळं काही. विसाव्या वर्षी पंचविशीतल्यांसमोर टिकतो तो हिरा. तोच खेळ बाविसाव्या वर्षी म्हणजे चारचौघांसारखा.

"म्हणजे त्याचं मोल पाडायचं तर वयाला हात लावणं पुरेसं," मी म्हटलं.

ते चष्मा पुसत म्हणाले, "विनीताबाई, एक विचारू? माझ्या गुरुजींनी माझं वय वाढवलं होतं, शाळेत लवकर बसावं म्हणून. कमी नव्हतं केलं. एक जून दिसला की वय चोरलेलं, हे गणित कुणाचं?"

मी म्हटलं तेच तर शोधतेय.

"खरंच शोधायचंय ना तुम्हाला?"

हा काय प्रश्न झाला? मी जरा तिखटपणेच सांगितलं, की नसतं शोधायचं तर शनिवार कशाला खराब केला असता. त्यांनी चष्मा घातला, जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "अंतिम अहवालावर सही कुणाची असते, तेवढं बघा."

सही माझी असते. मी मनात म्हटलं, म्हातारा आता चूक माझ्या नजरचुकीवर ढकलतोय.

४

तिसरी गार्गी. बेडोकला आमच्याच ब्लॉकमधे लहानाची मोठी झालेली. घरी मला मावशी म्हणते, ऑफिसात काहीच म्हणत नाही. मराठी बोलते, सावकाश वाचते. एलियासचे एकशे चाळीस तासांचे व्हिडिओ तिने पाहिले होते आणि तो तिला मनापासून आवडला होता.

तिने मला दोन वर्षांतले दोन तुकडे शेजारी लावून दाखवले. चेंडूवर झुकतानाची तीच जागा, तोच हात. आधीच्या व्हिडिओत शर्टाची बाही मनगटावर होती, नंतरच्यात चांगली दोन बोटं वर.

"ही इज स्टिल ग्रोइंग, लाह," ती म्हणाली. "बावीसचा माणूस उंच नाही होत ना?"

मग तूच हे अहवालात का नाही लिहिलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, लिहिलं होतं, सातव्या पानावर. मी सातवं पान काढलं. तिथे तिची टीप होती. मीच ती वाचून खाली बरोबरची खूण केली असणार, कारण प्रत्येक पानावर मीच खूण करते. मला ती आठवत नव्हती.

मग मी तिला मुद्द्याचं विचारलं. त्या दुपारी सुगतच्या मशीनवर कोण बसलं होतं?

गार्गी माझ्याकडे बघतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "यू आर आस्किंग मी?"

"मग कुणाला विचारू?"

तिचे डोळे भरून आले. "आस्क सुगत," एवढंच म्हणून ती उठून गेली.

मी एकटी बसले आणि त्या दुपारची नोंद नव्याने वाचली. बदल एकच नव्हता. चौदा मिनिटांत अकरा बदल होते. दुसऱ्या पानावर गावाच्या नावाचं स्पेलिंग, तिसऱ्यावर जन्मसाल, चौथ्यावर दशांशचिन्ह, आणि असे क्रमाने नवव्या पानापर्यंत. सुगत कुठलाही बदल केला की बाजूला कारण लिहितो, इथे एकालाही कारण नव्हतं. म्हणजे बसणाऱ्याने स्वतःचं डोकं चालवलंच नव्हतं. समोर दुरुस्त्या केलेला कागद ठेवून एकेक टाइप केली होती. बदलणारा हात वेगळा होता आणि ठरवणारं डोकं वेगळं.

आमच्याकडची रीत अशी, की तपासलेले कागद ट्रेमधे पडतात, जो मोकळा असेल तो दुरुस्त्या टाकतो आणि कागद खोक्यात जातो. मी खोकं उपसलं. त्या आठवड्याचे सगळे अहवाल होते. मोन्तेरोचा नव्हता.

मला आनंद झाला. खरंच झाला, लपवून काय उपयोग. कागद ज्याने नेला तोच चोर. आणि पॉलिक्लिनिकहून परत येऊन त्या मशीनवर बसला होता तो सुगत, कागद त्याच्याच टेबलावर राहिला असणार. रहस्य सुटलं असं वाटून मी खाली हॉकर सेंटरच्या टपऱ्यांमधे बसून गरम कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायले. त्या कागदावर दुरुस्त्या कुणाच्या असणार, हा पुढचा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलानेही विचारला असता. मी विचारला नाही.

५

रविवारी जुरोंग ईस्टला गाडी बदलून बुकित बातोकला गेले. न कळवता गेले, म्हणजे कागद लपवायला वेळ मिळू नये.

दार त्याच्या आईने उघडलं. मीराबाई, साठीच्या, पायाला पट्टी बांधलेली. मुलाच्या मोठ्या बाई आल्या म्हणून त्यांची कोण धांदल उडाली. फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती होती, तिच्यापुढे ताजी फुलं. सुगत खाली बाजारात गेला होता. त्यांनी चहा ठेवला, शंकरपाळ्यांची ताटली पुढे केली आणि माझ्या समोर बसल्या.

मी गप्पांच्या ओघात सुगतचं बालपण काढलं. चौकशीच करत होते, दुसरं काय. त्या खुलल्या.

"हा झाला एक जूनले, बाई. सरकारी दवाखान्यात, पहाटंचा. याचे बाबा मास्तर होते. म्हणाले, माझ्या पोराचा दाखला खराच असंल. दुसऱ्या दिवशी जाऊन काढून आणला. पण जिथं जाल तिथं लोक हासतात. खरी तारीख सांग म्हणतात पोराले."

माझ्या हातातला शंकरपाळा हातातच राहिला.

चार वर्षांपूर्वी सुगत कामावर रुजू झाला, तेव्हा त्याचा फॉर्म माझ्याकडे आला होता. सगळ्यांसमोर मी तो वाचला होता आणि म्हटलं होतं, 'एक जून? अरे वा, म्हणजे तूही त्यातलाच. खरं वय किती?' ऑफिस हसलं होतं. तोही हसला होता. दर वाढदिवसाला मी तोच विनोद करत आले होते. मनोहररावांशी तो विनोद चालायचा, ते स्वतः त्यात सामील होते. या मुलाला मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणजे एक जून पाहून वय खोटं धरणारा जगात कुणी असेल, पण सुगत नक्कीच नाही. माझा सगळा तपास तिथे बसल्याबसल्या कोलमडला. मग कागद त्याने नेला कशाला?

तेवढ्यात तो आला. हातात भाजीच्या पिशव्या. मला पाहून त्याला नवल वाटलं नाही.

"कागदासाठी आलात ना?" त्याने विचारलं.

तो आतून एक प्लास्टिकचं फोल्डर घेऊन आला. त्यात वर त्याचा स्वतःचा जन्मदाखला होता, घड्यांवर विरलेला. त्याच्याखाली मोन्तेरोचा अहवाल. त्याने तिसरं पान काढून माझ्यापुढे ठेवलं.

जन्मतारखेभोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं. शेजारी मराठीत लिहिलं होतं: '१ जून! खरं वय दोन वर्षं जास्त असणार. २००३ करा.' अक्षर थोडं हललेलं, गाडीत बसून लिहिल्यासारखं. बेडोकहून पाया लेबार तीन स्टेशनं. वाटेत युनोसला गाडी जरा हिसका देऊन थांबते. त्या दिवशीही थांबली होती, आणि 'असणार'मधल्या णची रेघ खाली घसरली होती. ते अक्षर मी पन्नास वर्षं ओळखते.

कुठलाही पुरावा नव्हता. कुठलीही चौकशी नव्हती. तारीख पाहिली, मनात हसले, दोन वर्षं वाढवली आणि पुढच्या पानावर गेले. अंतिम अहवालात बावीस दिसलं ते खटकलं नाही, कारण मला बावीसच अपेक्षित होतं. आणि त्या दुपारी सुगतच्या उघड्या मशीनवर बसली होती ती गार्गी, हे तिचे भरलेले डोळे आठवून आत्ता उमगलं. तिला एक जूनची भानगड काय ठाऊक? ती सिंगापुरात वाढलेली. मावशीच्या पेन्सिलीने लिहिलंय, म्हणून तिने निमूट टाइप केलं.

"तू दाखवलं का नाहीस रे?" मी विचारलं.

"सुरुवातीला वाटलं, तुमच्याकडे काही माहिती असेल. विचारणार होतो. पण एक जूनवर मी बोललो असतो तर तुम्ही पुन्हा हसला असता." त्याने फोल्डर मिटलं. "मग पत्र आलं. तुम्ही मला बोलावलंत. मला वाटलं, तुम्हाला आठवतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत असूनच विचारताय. माझ्यावर टाकायचं ठरलंय आणि मी कागद काढतो का, ते बघताय. माझी शिफारस तुमच्या हातात आहे ना, मॅडम. गार्गीलाही तेच वाटलं. मनोहर सरांनाही."

त्या सगळ्या नजरा मला एकेक करून आठवल्या. 'उर्मट,' मी लिहिलं होतं. अख्ख्या ऑफिसात हे रहस्य फक्त मलाच उलगडलेलं नव्हतं.

मी विसरले होते, हे त्याला सांगावं असं वाटलं. पण विसरले होते म्हणजे तरी काय? पावणेदोन तास त्याला बसवून ठेवताना मी काय शोधत होते? आडनाव ऐकलं की माझ्या मनात काय हलतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. पुण्यातून येताना बॅगेत भरलेल्या सगळ्याच गोष्टी काही मी बाहेर काढून दाखवत नाही. त्या मुलाच्या तारखेवर मी विश्वास ठेवला नाही आणि या मुलाच्या शब्दावरही नाही. मला शरम वाटली. इतकी वाटली, की मीराबाईंनी पुन्हा चहा विचारला तेव्हा त्यांच्याकडे मान वर करून बघता येईना.

सुगतने कागद माझ्याच हातात दिला. "न्या," म्हणाला. "माझ्याकडे याची प्रत नाही."

तो मला एवढी मोकळीक का देत होता, ते मला परतीच्या प्रवासात कळलं. मी काय करते, ते तो शेवटचं पाहत होता.

६

सोमवारी चार वाजता मी मिस्टर कोह यांच्या खोलीत गेले आणि तिसरं पान टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं.

"हे काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

मराठी वाचणारं त्या खोलीत मी एकटीच होते. 'तारीख तपासून बघा' असं लिहिलंय, असं मी म्हटलं असतं, तरी ते त्यांना पटलं असतं. तो विचार माझ्या मनात आला, हेही सांगून टाकते.

मी शब्दन्शब्द इंग्रजीत वाचून दाखवलं. वाचताना मला त्या उद्गारचिन्हाची सगळ्यात जास्त लाज वाटली.

"हस्ताक्षर कुणाचं?"

"माझं."

"दोन वर्षं जास्त, असं मानायला कारण काय होतं?"

मी त्यांना आमच्याकडचे गुरुजी, जूनमधे उघडणारी शाळा, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण हा मुलगा तर पनामाचा आहे?"

मी पानाशेजारी माझा राजीनामा ठेवला.

क्लबला आणि एजंटला मी माझ्या नावाने पत्रं लिहिली. क्लबने कळवलं की त्यांची सेकंड बेसची जागा आता भरली आहे. एलियास आपल्या एका वर्षाच्या करारावर कुठल्याशा लहान गावात खेळतो. गार्गी म्हणते, बाही आणखी वर गेली आहे. माझा राजीनामा मिस्टर कोह यांनी महिनाअखेरपासून स्वीकारला.

जाण्याआधी एक काम बाकी होतं. सुगत शिफारशीचा फॉर्म घेऊन आला आणि टेबलाशी उभा राहिला. माफी मी आदल्या दिवशी मागितली होती. तो "ठीक आहे, मॅडम" म्हणाला होता, आणि ते ठीक नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. सवयीने हात पेन्सिलीकडे गेला. ती बाजूला ठेवून मी पेन घेतलं.

जन्मतारखेच्या रकान्यात १ जून होतं. मी खाली सही केली.